सुषमाच्या लग्नाचा चौक

शिकल्यासवरल्या माणसांना एखादी वस्तू आवडली की त्या वस्तूची खैर नसते. बुधीला हे डहाणूच्या चिकूवाडीत भर दुपारी कळलं, आणि कळलं तेव्हा तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मुंबईच्या लिलाववाल्यांनी यंदा नवीन टूम काढली होती. देवांचे मुखवटे, पितळी दिवे, लाकडी खांब, वारली चित्रं, सगळं जिथलं तिथेच विकायचं. गिऱ्हाइकाला मातीचा वास आला की त्याचा हात सैल सुटतो म्हणे. म्हणून समुद्राजवळची एक वाडी भाड्याने घेतली, झाडांखाली मांडव घातला, खुर्च्यांना पांढरी कापडं नेसवली. मातीचा वास कमी पडेल म्हणून की काय, कोपऱ्यात उदबत्त्याही लावल्या. हायवेवरून गाड्यांवर गाड्या उतरत होत्या आणि उतरणारा प्रत्येकजण वाऱ्याची तारीफ करत होता, जणू वारासुद्धा लिलावातच होता.

बुधीला तिच्या मुलाने, उमेशने, तलासरीहून मोटरसायकलवर मागे बसवून आणलं होतं. उमेश अच्छाडला एका ढाब्यावर कामाला. त्याने घरी सांगितलं होतं ते एवढंच, की तुझं एक चित्र मोठ्या लिलावात लागलंय. तू यायचं, ‘हे मी काढलं’ म्हणायचं आणि कागदावर सही करायची. काढणारीचं नाव लागलं की भाव वाढतो, आणि वाढलेल्यातला थोडा आपल्या घरी येतो. त्यातून उमेशला जुना पिकअप घ्यायचा होता.

बुधीला यात नवल वाटलं नव्हतं. डहाणूच्या दुकानांसाठी ती कापडावर चित्रं काढायचीच. नाच काढायची, शेतं काढायची, लग्नाचा चौकही काढायची. पण विकायच्या चौकात ती देवी काढत नसे. चौकट आखायची, नक्षी भरायची आणि मधल्या जागेत एखादं झाड घालून मोकळं व्हायचं. दुकानदाराला फरक कळत नव्हता आणि बुधीने तो कधी सांगितलाही नव्हता.

देवी बसते ती लग्नघराच्या कुडावर. सवाशिणी तिला तांदळाच्या पिठाने काढतात, गाणी म्हणून बोलावतात. आणि बोलावलेल्या पाहुणीला जसं निरोप देऊन पाठवावं लागतं, तसं लग्न आटोपलं की तिला उठवावं लागतं. बसवणाऱ्या बाईने किंवा तिच्या घरातल्या कुणी ओल्या हाताने देवी पुसायची, पुसली की ती उठली; मग कूड सारवायला वरून शेणाचा हात फिरवायचा. बुधीच्या पाड्याची ही रीत. देवी बसून राहिली तर लग्न संपत नाही, आणि न संपलेल्या लग्नात पोरीचा पाय धड इकडे नाही, धड तिकडे नाही.

उमेश तिला मांडवात घेऊन गेला. समोर लोखंडी चौकटीत, काचेआड, पुरुषभर उंचीचा कारवीचा कूड उभा केला होता. त्यावर गेरूचा हात, गेरूवर चौक आणि चौकाच्या मधोमध देवी. हात पसरून, पाय फाकवून, चार वर्षांपूर्वी बुधीने बसवली होती तशीच्या तशी. खाली वरातीत दोन जीपगाड्या. नवरदेव नविन हा कासा गावचा, त्याची वरात काळीपिवळी जीपमधून आली, म्हणून सुषमाने हट्ट करून आईकडून त्या काढून घेतल्या होत्या. एका जीपचं चाक बुधीच्या हातून चुकून मोठं झालं होतं. ते चाकही तिथेच होतं.

बुधी कुडाजवळ गेली, वाकून चाक पाहिलं, मग वळून मुलाकडे पाहिलं. उमेश चपलेने जमीन उकरत होता.

झालं होतं असं. सुषमाच्या लग्नानंतर पाचव्या दिवशी देवी उठवायची होती, आणि चौथ्या दिवशी बुधीच्या नवऱ्याला साप चावला. त्याला घेऊन ती पंधरा दिवस कासाच्या दवाखान्यात बसली. त्याच पंधरवड्यात घरकुलाचा ठेकेदार घाई करू लागला, जुनं घर पाडा म्हणाला. बुधीने दवाखान्यातून फोन करून उमेशला बजावलं होतं, की आधी देवी उठव, मग कुडाला हात लाव. उमेश हो म्हणाला. नवरा बरा झाला, दोघं घरी आली, कूड नव्हता. तिने विचारलं तेव्हाही उमेशने उठवली म्हणूनच सांगितलं.

पुढची चार वर्षं सुषमाची होती. तीनदा ती बोचकं घेऊन माहेरी आली. नविन वाईट नव्हता, सासूही वाईट नव्हती. तरी काहीतरी बिनसायचं, क्षुल्लक कारणावरून तोंडं फिरायची आणि पोर दारात येऊन उभी राहायची. आताही दोन महिने ती माहेरीच होती. पाड्यावरच्या बाबल्या भगताने बुधीला एकदा सोडून दोनदा विचारलं होतं, चौक नीट उठवला होता ना? बुधी त्याच्या अंगावर धावून गेली होती. माझा पोरगा खोटं बोलेल काय, म्हणून चार बायांसमोर तिने म्हाताऱ्याचा पाणउतारा केला होता. त्या दिवसापासून भगत तिच्या दारावरून जाताना मान खाली घालून जायचा. मान कुणी खाली घालायला हवी होती, ते आज समोर दिसत होतं.

“कुणाला दिलास?” तिने विचारलं.

उमेशने हळूहळू सगळं ओकलं. डहाणूचा हार्दिकशेठ, जुन्या वस्तूंचा व्यापारी, घर पाडायच्या दिवशीच टेम्पो घेऊन आला होता. कूड अख्खा कापून द्या, पुसू मात्र नका, पुसलेल्याचं मला काय करायचंय, म्हणाला. बदल्यात त्याने स्वयंपाकाच्या पडवीवर घालायला पत्रे दिले. त्या पत्र्यांखाली बुधी चार वर्षं भाकऱ्या थापत होती. तुझ्या भाच्याने पाठवले पत्रे, असं उमेशने सांगितलं होतं, आणि तिने त्या भाच्याला दुवा दिला होता.

तिला वाटलं इथेच याच्या थोबाडीत द्यावी. पण थोबाडीत देऊन देवी उठणार नव्हती. तिने चौकशी केली, इथे मालक कोण. लिलावाचं काम पाहणारी हेमाली नावाची बाई आली. गळ्यात मण्यांची माळ, बोलणं अगदी गोड. बुधीने तिला सरळ सांगितलं: ही माझ्या पोरीच्या लग्नाची देवी, ती उठवायची राहिली, मला पाणी द्या, मी पुसते, कूड तुम्ही ठेवा. याहून साधं काय सांगायचं असतं?

हेमालीने सगळं ऐकून घेतलं. तिच्या डोळ्यांत पाणीही आलं. मग तिने बुधीचा हात हातात घेतला.

“आजी, तुमच्या भावना मी समजते. पण हे आता तुमचं नाही ना. हे सगळ्यांचं आहे.”

सगळ्यांचं असेल तर विकता कशाला, हे बुधीच्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात घंटा वाजली आणि हेमाली पळाली. सही लिलावानंतर घेऊ, आधी तुम्ही स्वतःच्या तोंडाने सांगा, असं जाता जाता म्हणाली. बुधीला पहिल्या रांगेत बसवलं. शेजारी हार्दिकशेठ बसला, त्याने तिला नमस्कारही केला.

मुखवटे गेले, दिवे गेले. मग कुडाची काच काढली, उजेड चमकतो म्हणून. हेमाली माइकवर म्हणाली, की कुडावर जपणुकीचं कसलंही औषध लावलेलं नाही, आहे ते मूळचं पीठ आणि मूळचा गेरू. आणि हे काढणाऱ्या कलाकार आज स्वतः आपल्यात आहेत. टाळ्या पडल्या. माइक बुधीच्या तोंडासमोर आला.

बुधी उठून उभी राहिली. तिने काहीच लपवलं नाही. देवी बसलेली आहे म्हणाली, पोरीचा संसार अडकलाय म्हणाली. पोराने फसवलं, शेठने फसवलं, तुम्ही हे विकत घ्याल तर तुमच्या घरात न संपलेलं लग्न घेऊन जाल, हेही म्हणाली. हेमाली एकेक वाक्य इंग्रजीत सांगत गेली. आणि बुधीचा आवाज जसजसा चढत गेला, तसतसे खुर्च्यांमधून नंबरांचे फलक वर होऊ लागले. देवी अजून जिवंत आहे म्हटल्यावर तर मागच्या रांगेतला टोपीवाला उठूनच उभा राहिला. त्याने सांगितलेल्या आकड्याला पुन्हा टाळ्या पडल्या.

बुधी बोलता बोलता थांबली. तिच्या ध्यानात आलं, की ही माणसं तिचा रागही विकत घेतायत. ती जेवढं रडेल, शिव्या देईल, तेवढा कुडाचा भाव चढणार होता. आयुष्यात तिचं इतक्या माणसांनी कधी इतकं मन लावून ऐकलं नव्हतं, आणि ऐकून कुणी एक पाऊल पुढे आलं नव्हतं. तिला त्या सगळ्यांची किळस आली. माइक तिने हार्दिकशेठच्या मांडीवर टाकला, त्याच्या समोरची पाण्याची बाटली उचलली आणि चालत कुडापाशी गेली. म्हातारीला फोटो हवा असेल असं वाटून फोटोवाल्याने वाट करून दिली.

तिने तळहातावर पाणी घेतलं आणि देवीच्या तोंडावरून फिरवलं. पिठाचंच ते. एका हातासरशी तोंड गेलं, दुसऱ्यासरशी देवीचे पसरलेले दोन्ही हात गेले. गेरू ओघळून तिच्या कोपरापर्यंत आला. मागे खुर्च्या पडल्या, हेमाली किंचाळली. बुधी तोंडाने निरोपाचं गाणं पुटपुटत होती. पोट पुसलं, कंबर पुसली, आणि दोन पहारेकऱ्यांनी तिचे दंड धरले. तिने हिसडा दिला, बाटली खाली पडली. त्यांनी तिला चार पावलं मागे ओढलं.

कुडावर देवीचे पाय राहिले होते.

उमेश तिथेच, मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता. हार्दिकशेठ त्याच्याकडे पाहून ओरडत होता, आईला आवर, दोन पाय राहिलेत, त्यांचेही पैसे मिळतील. टोपीवाला खरंच होकाराची मान हलवत होता. बुधी ओरडली नाही. ती पहारेकऱ्यांच्या हातात अडकून, धापा टाकत मुलाकडे बघत राहिली.

“उम्या,” ती म्हणाली, “पायांवर उभी आहे ती अजून. घरातलं माणूस तूच आहेस इथं. नाय उठवलीस तर आज मीच पोरीला सांगेन, तुझा भाऊ मेला म्हणून.”

उमेश खांबापासून सुटला. हार्दिकशेठने त्याचा शर्ट धरला, तो त्याने सोडवून घेतला. बाटली उचलली, तळाला घोटभर पाणी होतं. ते त्याने हातावर ओतलं, गुडघे टेकले आणि पहारेकरी पोचायच्या आत देवीचे दोन्ही पाय पुसून टाकले.

त्याला मारायला लागले तरी तो उठला नाही. ओल्या हाताने ती जागा घासतच राहिला. बुधीने मात्र त्याच्यासाठी कुणाला हात जोडले नाहीत. तिने पहारेकऱ्याकडून फोन मागून घेतला आणि घरी सुषमाला सांगितलं, बोचकं बांध, नविनला बोलावून घे, तुझं लगन आता झालं.