अर्धी बादली

"अर्धीच बादली लागतीय बघ," किसन फोनवर म्हणाला. "तू अख्खी ओतायचीस."

"काहीतरीच! कुदळ नाही ना लावली?"

"न्हाई गं बाई."

आम्रपाली लेकीच्या बाळंतपणाला लातूरला गेली होती. देहूरोडच्या घरामागे चार फुटी पट्टीत तिने तीन वर्षांत वांगी, मिरची, चवळी उभी केली होती. खणायचं नाही, मातीवर पुठ्ठे, त्यावर वाळका पाला, आणि दिवसाआड येणाऱ्या नळाच्या पाण्यातली रोज एक बादली. किसन या प्रकाराला हसायचा. चाकणच्या कारखान्यात सव्वीस वर्षं लेथवर काढल्यावर दिवाळीत त्याला घरी बसवलं, तेव्हापासून तो कशालाच हसत नव्हता. जाताना तिने पहिल्यांदाच त्याच्यावर काहीतरी सोपवलं. "पंधरा दिवस सांभाळा. पांघरूण विरलं तर पाला घाला. माती उघडी ठेवू नका."

पाला मिळेना. नाक्यावरचं झाड रस्ता रुंद करताना गेलं होतं. मग किसनने आपल्या जुन्या कारखान्याचं गेट गाठलं. ज्योतीराम, त्याचा शिफ्टमधला जोडीदार, त्याला मागच्या आवारात घेऊन गेला.

"त्या कोपऱ्यातला लाकडाचा भुसा न्या. कोंबड्या पाळल्या का काय, किसनभाऊ?"

"शेती करतोय."

"वहिनींची ना?"

"आता माझीबी हाय."

चार गोण्या त्याने टेम्पोत घालून आणल्या. भुसा वीतभर जाडीने, कडा सरळ धरून अंथरला. पाणी ओतलं की थेंब वरच थांबायचे. ओल टिकतेय, असं त्याला वाटलं. पानं पिवळी पडली तेव्हा त्याने उन्हाला दोष दिला.

आम्रपाली आली आणि खांद्यावरची पिशवी न उतरवताच दारात थांबली.

"ऑइल कुठं सांडलंय?"

"कुठं काय?"

ती तशीच घरामागे गेली. मिरचीचा शेंडा बोटाने उचलला. तो पुन्हा पडला. भुसा मुठीत दाबला. तळहात चकाकला.

"अहो, मशीनखालची फरशी पुसायचा भुसा आहे हा!"

"मी हुंगून आणला गं. चारी गोण्या."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग एका मुठीत वाफ्यातली माती घेतली, दुसऱ्या मुठीत कढीपत्ता लावलेल्या डब्यातली, आणि दोन्ही त्याच्या नाकाशी धरल्या.

"कुठल्यात ऑइल आहे, सांगा."

त्याने डोळे मिटून एक हुंगली, दुसरी हुंगली, पुन्हा पहिली.

"दोन्ही सारख्याच."

तिचा राग उतरला. उतरला नसता तर बरं, असं किसनला वाटलं.

माळ्यावरची कुदळ तिने खाली काढली. त्याने हात पुढे केला.

"दे, मी खणतो."

"राहू दे. तुम्ही गोणी धरा."

कुदळ फारसा जोर न लावता आत गेली. ढेकळात दोन गांडुळं होती, ताठ झालेली. आम्रपाली न थांबता माती भरत राहिली. किसनने गोणीचं तोंड दोन्ही हातांनी फाकवून धरलं.

"जरा खाली घ्या," ती म्हणाली.

तो उकिडवा बसला.