मोराची मान आणि रघुनाथरावांचे बांबू

मनकर्णाबाईने परांचीचा कोपऱ्यातला बांबू दोन्ही हातांनी धरला आणि चिंचेचं झाड हलवावं तसा गदागदा हलवला. वर फळीवर बसलेल्या गुणवंता मिस्तरीच्या हातातली थापी सुटून खाली पडली. पाठोपाठ सिमेंट-वाळूच्या मसाल्याचा एक गोळाही आला.

“अवो, हलवू नको! पडीन न मी!”

“पडाच! काल मले काय सांगतलं? खाली बसून विटा भिजवून राहिलो म्हणे. विटा वर भिजवते काय कोणी?”

“विटाच भिजवत होतो. मंग जरासाक वर आलो.”

“उतरा आधी खाली!”

गुणवंता उतरला. चोरी पकडली गेली होती, आणि नवऱ्याने मान खाली घालून उभं राहावं असा तो प्रसंग होता. पण त्याची मान काही खाली जाईना. तो सारखा वर, सौंसरच्या नव्या वाचनालयाच्या दर्शनी भिंतीच्या माथ्याकडे पाहत होता. तिथे सिमेंटचा एक मोर पिसारा फुलवून उभा होता. त्याला पाय होते, पोट होतं, छाती होती. मान आणि डोकं मात्र अजून व्हायचं होतं.

सौंसरपासून पांढुर्ण्यापर्यंत कितीतरी घरांच्या कपाळावर गुणवंताचे मोर होते. माणसं रस्ता सांगताना ‘मोराच्या घरापासून उजवीकडे’ असं सांगत. फक्त पांढुर्ण्यातल्या एका दुकानदाराने वास्तुशांतीसाठी फार घाई केली, आणि त्याचा मोर साफ कोंबडीवर गेला. गुणवंता त्या गल्लीतून जाणं अजूनही टाळत असे. गेल्या वर्षी लोधीखेड्याला एक जुना बांबू पायाखाली उभा चिरला आणि तो वरून थेट कडब्याच्या गंजीवर आला. कडब्याने जीव वाचवला, पण उजवा पाय अधू झाला तो झालाच. आता परांचीवर चढायचे आपले दिवस संपत आले, हे त्याला कळत होतं. म्हणजे हा शेवटचा मोर. निदान हा तरी कोंबडी होऊ नये, एवढीच त्याची इच्छा होती.

पण मनकर्णाबाईने लोधीखेड्याच्या प्रकारानंतर जामसावळीच्या मारुतीपुढे शब्द दिला होता. ‘यांचा पाय पुन्हा बांबूवर पडू देणार नाही’ असं ती कबूल करून आली होती, आणि ज्याचा पाय त्याला तिने विचारलंही नव्हतं.

“थो मारुती तं निजून हाय,” गुणवंता म्हणाला. जामसावळीचा मारुती आडवा पहुडलेला आहे, हे तिथे सगळ्यांना ठाऊक आहे. “त्यानं तुहं आयकलं कायवरून?”

“निजला म्हणून बहिरा नाई झाला!”

वाचनालयाचे चिटणीस भगवंतराव आतून बाहेर आले. ते निवृत्त हेडमास्तर होते आणि कोणतंही भांडण मिटवायला ते वर्गात शिरल्यासारखे शिरत. मोरासाठी त्यांचा जीव टांगणीला लागला होता, कारण उशीर त्यांच्यामुळेच झाला होता. मोराखाली गावाचं आणि राज्याचं नाव कोरायचं होतं. ते १९५६ साल होतं, आणि भाषेप्रमाणे राज्यांची नवी वाटणी व्हायची होती. नागपूर मुंबई राज्यात जाणार, मग आपणही जाणार, असं जो तो सांगत होता. तेव्हा भगवंतरावांनी हुकूम सोडला, की निकाल लागेपर्यंत वर कोणी थापी लावायची नाही. मोराच्या पायाखालचं नाव नक्की झाल्याशिवाय मोर कसा उभा करायचा? परांची सगळा पावसाळा तशीच रिकामी उभी राहिली. शेवटी निकाल लागला. नागपूर गेलं, सौंसर राहिलं, नागपूरची राजधानी भोपाळला गेली आणि राज्याचं नाव होतं तेच ठेवलं गेलं.

“म्हंजे चार महिने थांबून मध्यप्रदेशच लिवाचं होतं?” गुणवंताने तेव्हा विचारलं होतं.

“आपण हललो नाही मिस्तरी, नागपूर हललं,” भगवंतराव दुःखाने म्हणाले होते. त्यांच्या दोन्ही मुली नागपुरात दिलेल्या होत्या आणि एका कागदाने त्या परराज्यात जायच्या होत्या.

आता त्यांनी मनकर्णाबाईचं सगळं गाऱ्हाणं ऐकून घेतलं आणि आतून एक पुडकं आणलं. त्यात शेवाळी रंगाच्या कापडी चिकटपट्टीची जाडजूड भेंडोळी होती. नागपूरला लढाईनंतर उरलेला लष्कराचा डिस्पोजलचा माल विकायला असे, त्यातून त्यांनी ती पुस्तकांच्या पाठी बांधायला आणली होती. पण ती पुस्तकाला लावली की पुस्तक उघडतच नसे.

“ही मिलिटरीची पट्टी आहे, बाई. तोफेच्या गाड्यांना लावत. चिरलेल्या बांबूला गुंडाळली तर तो आणखी चिरणार नाही. फळीच्या कडेला लावली तर पाय घसरणार नाही.”

मनकर्णाबाईचा कोणाच्या शब्दावर विश्वास नव्हता. तिने पट्टीचा तुकडा आपल्या पदराला लावला आणि ओढला. पदर फाटला. पट्टी जशीच्या तशी राहिली. तिने फाटका पदर पाहिला, पट्टी पाहिली आणि पहिल्यांदाच तिचा चेहरा सैल झाला.

“चिकटवीन मी,” ती म्हणाली. “माह्या हातानं. जिथं पट्टी नाई, तिथं ह्यांचा पाय नाई.”

“अन् मारुती?” गुणवंताने विचारलं.

“बांबूवर पाय पडू देणार नाई म्हणलं होतं. पट्टीवर नाई म्हणलं.”

दुसऱ्या दिवसापासून ती सकाळी भाकरी टाकून परांचीखाली हजर होऊ लागली. आधी तिने चिरलेले बांबू गुंडाळले. मग न चिरलेलेही गुंडाळले, उगाच त्यांना तरी का चिरू द्यायचं म्हणून. डोक्याला लागतील अशी बांबूंची टोकं गुंडाळली. काथ्याच्या प्रत्येक गाठीवर पट्टीचे वेढे दिले, फळ्यांच्या कडा मढवल्या. जिथवर तिचा हात पोचत नव्हता तिथलं काम ती खालून सांगून गुणवंताकडून करून घेई. “अजून एक वेढा! अजून एक!” रस्त्यावरची माणसं थांबून बघत. गुणवंताला लाज वाटे. काथ्याने आजवर त्याला पेललं होतं आणि अजूनही तोच पेलत होता. पण चिरलेले बांबू आता करकरत नव्हते, हाताला कुसळं लागत नव्हती, आणि मुख्य म्हणजे खाली बायको गप्प बसली होती. असं सुख त्याला कोणत्याच परांचीवर मिळालं नव्हतं.

मोराची मान निम्मी झाली, त्या दुपारी रघुनाथराव बैलगाडी घेऊन आले.

बांबू त्यांचे होते. सौंसरला परांचीसाठी वेगळे बांबू कोण घेऊन ठेवतो? संत्र्याच्या बागांत फळांनी लवलेल्या फांद्यांना टेके द्यायला बांबू लागतात, आणि उन्हाळ्यात ते रिकामे पडलेले असतात. बागवाले ते मिस्तरींना देतात. अट एकच, फांद्या लवायच्या आत बांबू बागेत परत यायला हवेत. यंदा इकडे भगवंतरावांचं राज्य ठरत नव्हतं, पण बागेतली संत्री मात्र मोठी होत राहिली.

“मास्तर, माह्या फांद्या मोडून राहिल्या!” रघुनाथराव गाडीतूनच ओरडले. “काल एक झाड पुरं फाटलं. वाचनालय तुमचं, नुकसान माहं काय?”

“मान तेवढी राहिली जी,” गुणवंता वरून म्हणाला. “दोन दिस द्या.”

“मानेबिगर काय मोर उडून जाते? उतरा, मी सोडतो गाठी.”

मानेविना मोर म्हणजे कोंबडीपेक्षाही वाईट. पण माणसाचं म्हणणं खरं होतं, आणि बांबू त्याचे होते. गुणवंता थापी हातात धरून बसून राहिला.

रघुनाथरावांनी पहिल्या गाठीला हात घातला. सगळा ऑक्टोबर उन्हात तापून पट्टीचा डिंक काकवीसारखा झाला होता. बोटं चिकटली. नखाने टोक उकलायला गेले, तर नख अडकलं. तेव्हा त्यांनी, जुवाची घट्ट गाठ सोडताना करत तसं, तोंड पुढे नेलं आणि पट्टीची कड दातांत धरली.

रघुनाथरावांच्या मिशा साऱ्या तालुक्यात नावाजलेल्या होत्या. उजवीकडची मिशी पूर्णपणे चिकटली.

त्यांनी मान मागे ओढली आणि एक किंकाळी फोडली. बैल बिचकले. भगवंतराव धावत आले, त्यांनी मिशी पाहिली आणि कात्री आणायला आत वळले.

“कैची नाई! खबरदार मास्तर!” बांबूला गाल लावून रघुनाथराव ओरडले.

“तेलानं निंगते,” मनकर्णाबाई शांतपणे म्हणाली. हातांचा डिंक काढायला तिच्यापाशी जवसाच्या तेलाची बाटली रोजच असे. तिने बाटली काढली, बूच उघडलं आणि तशीच उभी राहिली. “दोन दिस देता न, भाऊ?”

“मनकर्णे!” वरून गुणवंता म्हणाला. त्याला वाटलं, आता ही आपल्याला गावातून काढायला लावते.

“तुमी मान करा तिकडं! बोलू नका!” ती डोकं वर न करताच म्हणाली, आणि मग तिचा आवाज एकदम उतरला. “भाऊ, थो मोर पुरा नाई झाला न, तं ह्यो माणूस जन्मभर त्या भिंतीखाली येऊन वर पाहत बसन. मले माहीत हाय. तुमच्या फांद्यांले दोन दिस मी माह्या घराचे वासे देतो, पन बांबू राहू द्या.”

गुणवंताने थापी खाली ठेवली. हीच बाई त्याला उतरवायला बांबू हलवत होती. त्याने थापी पुन्हा उचलली आणि मानेला मसाला लावायला घेतला.

“दोन दिस,” रघुनाथराव बांबूला म्हणाले. “वासे नको. तेल टाका, बाप्पा!”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मान झाली. गुणवंताने ती थोडी वळवली, कोणी हाक मारली म्हणून मोराने मागे पाहावं तशी. डोळ्याला त्याने निळ्या काचेचा मणी बसवला. खालून तो दिसेना.

“मले डोया दिसत नाई,” मनकर्णाबाई म्हणाली.

“वर ये मंग. पट्टी तं तूच लावली.”

ती आली. कासोटा घट्ट करून, मारुतीचं नाव घेत, स्वतः गुंडाळलेली एकेक गाठ धरत आली. तिने मोराचा डोळा पाहिला, त्याच्या गळ्यावरून हात फिरवला. “ह्यो कोंबडी नाई झाला,” ती म्हणाली. मग तिने बागा पाहिल्या, कापसाची वावरं पाहिली, नागपूरकडे जाणारा रस्ता पाहिला. “दुसऱ्या राज्यात गेलं म्हणे. दिसून तं तसंच राहिलं,” असं म्हणत तिने सहज खाली पाहिलं.

ती फळीवर मटकन बसली आणि तिने गुणवंताचं धोतर दोन्ही मुठींत धरलं.

“अवो, मी पडतो! मले धरा!”

आधी त्याला हसू आलं. मग त्याने तिचा चेहरा पाहिला. ती दिवसभर खाली बसून हाच चेहरा वर करून बसत असणार, आणि आपण वरून फक्त तिचा आरडाओरडा ऐकत होतो, हे त्याला तेव्हा कळलं. तो तिच्या खालच्या बांबूवर उतरला. तिचा एकेक पाय हातात घेऊन पट्टीवर टेकवत, “हं, आता दुसरा, आता दुसरा,” करत त्याने तिला जमिनीवर आणलं.

“जामसावळीले सांगून दे,” खाली आल्यावर तो म्हणाला. “आता मी सोता कबूल करतो. पुन्हा बांबूवर पाय नाई.”

तिने त्याची थापी उचलली आणि पदराने पुसली. पदर फाटका होता, तरी पुसून झाली.

विळ्याने गाठी कापून बांबू बागेत नेले. त्यांच्या अंगावरच्या पट्ट्या मात्र निघाल्या नाहीत. दिवाळीनंतर गुणवंता त्या बाजूने चालला असता त्याला ते दिसले. शेवाळी वेढे घातलेले बांबू पिवळ्या फळांनी लवलेल्या फांद्या पेलत ओळीने उभे होते. एका बांबूवर पट्टीचं टोक सुटून वाऱ्यावर फडफडत होतं. तो लंगडत बांधावरून आत गेला, अंगठ्याने ते टोक दाबून बसवलं, आणि आणखी एकदा दाबून पाहिलं.