सहा नंबरच्या बाई

आईच्या आजाराची बातमी सगळ्यात आधी आईलाच कळली आणि सगळ्यात शेवटी लेकीला. यात नवल काही नव्हतं. तीस वर्षं लोकांचे रिपोर्ट वाचलेल्या बाईला स्वतःचा रिपोर्ट समजून घ्यायला डॉक्टर कशाला लागतोय? तिनं तो हॉस्पिटलच्या जिन्यात उभ्या उभ्या वाचला, चार घड्या घालून पर्समध्ये कोंबला आणि घरी येऊन सांगितलं, "पित्त झालंय. तिखट बंद करायला सांगितलंय."

लेकीनं तीन आठवडे इमानेइतबारे बिनतिखटाचा स्वयंपाक केला. खरं काय ते कळलं तेव्हा ती इतकी ओरडली की शेजाऱ्यांनी दार वाजवलं. आई शांतपणे म्हणाली, "अगं, तीन आठवडे तरी नीट झोपलीस ना?"

यावर काय भांडणार?

चार महिन्यांत आई त्याच वॉर्डात येऊन पडली जिथं तिनं बावीस वर्षं नोकरी केली होती. खाट नंबर सहा, खिडकीजवळची. तिची देखभाल करणारी सिस्टर तिच्याच हाताखाली तयार झालेली होती. नोकरीच्या पहिल्या दिवशी सुई टोचताना पेशंटच्या आधी तीच रडली, म्हणून आईनं तिचं नाव 'धाकटी' ठेवलं होतं. आता धाकटीचेही केस पिकायला लागले होते. ती आईची कूस बदलायची, चादर ओढून घ्यायची, आणि आई डोळे मिटूनच म्हणायची, "कोपऱ्याला सुरकुती राहिलीय."

लेक मात्र नुसती बसून असायची. ती नकाशे काढणाऱ्या एका ऑफिसात होती; रक्त बघितलं की तिला घेरी यायची. उशी सरळ करायला गेली तर आईची मान आणखी वाकडी व्हायची. आईनं पाणी मागितलं तरी द्यायची सोय नव्हती. ओल्या कापसानं ओठ पुसायचे, बस्स. आई तो कापूस तान्ह्या बाळासारखा चोखायची, आणि लेक दुसरीकडे बघायची.

या देशात आई एकटी आली होती, एकतिसाव्या वर्षी. नवरा वारलेला, पोर चार वर्षांची. पोरीला मावशीकडे ठेवलं आणि विमानात बसली. तिकडची नर्सिंगची पदवी इथं कुणी विचारात घेईना. मग दोन वर्षं म्हाताऱ्यांच्या आश्रमात अंघोळी घाल, भांडी उचल, असं करत तिनं इथली भाषा शिकून परीक्षा दिली. एकदा नापास झाली, परत दिली. अडीच वर्षांनी लेकीला आणायला गेली, तर पोर मावशीच्या पाठीमागे लपली आणि म्हणाली, "या बाईंबरोबर मी नाही जाणार."

हे आई हसत हसत सगळ्यांना सांगायची. पुढे दोघी एकाच टेबलावर अभ्यास करायच्या. लेकीची जीभ नव्या भाषेला लवकर वळली. ती आईचे उच्चार सुधारायची आणि आई मुद्दाम चुकायची. रात्रपाळी करून आलेली आई पोरीची वेणी घालता घालता पेंगायची, आणि पोर अर्ध्या वेणीनंच शाळेत जायची. वॉर्डातही आई दमली की तिच्या तोंडून मराठीच निघायचं. एका म्हाताऱ्या पेशंटनं तिच्याकडून 'बास झालं' एवढे दोन शब्द उचलले होते. औषध आणलं की तो ऐटीत म्हणायचा, "बास झालं!" आणि तीही तितक्याच ऐटीत गोळी त्याच्या तोंडात टाकायची.

त्या अडीच वर्षांबद्दल मात्र दोघी कधी बोलल्या नाहीत. लेकीला वाटायचं, बोलू कधीतरी. राग असा नव्हताच तिच्या मनात; होता तो केव्हाच विरून गेला होता. पण नसलेल्या रागाबद्दल आपण होऊन काय बोलायचं?

त्या मंगळवारी दुपारी चारच्या सुमाराला आई अचानक उशीवरून मान उचलून बघायला लागली. डोळे लख्ख. लेक उठून जवळ गेली.

"तुम्ही कुणाच्या?" आईनं विचारलं.

"आई, मी आहे गं."

"बसा आधी. उभ्यानं ऐकू नका. ती खुर्ची घ्या."

आवाज स्वच्छ होता, समजूतदार आणि थोडा दूरचा. पेशंटच्या माणसांशी बोलायचा आवाज. मराठीतला, म्हणजे आई बहुतेक मायदेशातल्या तिच्या पहिल्या हॉस्पिटलात जाऊन पोचली होती. लेकीनं धाकटीकडे पाहिलं. धाकटीनं मान हलवली: औषधांमुळे होतं असं, बोलू द्या.

लेक खुर्चीवर बसली.

"सहा नंबरच्या बाईंकडे आलात ना?" आई म्हणाली. "त्यांचं आता फार राहिलेलं नाही, ताई. दोन दिवस. फार तर तीन."

लेकीनं विचारलं, "काहीच करता येणार नाही?"

"करण्यासारखं होतं ते सगळं झालं. दुखू देणार नाही आम्ही. त्यांच्या घरी कोण कोण आहे?"

"एक मुलगी आहे."

"लहान आहे?"

छत्तीस वर्षांची लेक म्हणाली, "नाही. मोठी आहे."

"मग तिला जेवायला लावा. अशा वेळी पोरं खात-पीत नाहीत." आई थांबली, तिला धाप लागली. "सहा नंबरच्या बाईंच्या जिवाला फार लागून आहे ते. पोरीला टाकून आल्या होत्या ना."

लेक खुर्चीवरून उठलीच. आईचा हात धरून म्हणाली, "टाकून नाही गं! कुणी म्हटलं टाकून? मला राग नाहीये, आई. ऐकतेस ना? मला अजिबात राग नाही."

आईनं तो हात हळूच सोडवून घेतला. परक्या बाईनं धरावा आणि तिचं मन न दुखवता सोडवावा, तसा. "शांत व्हा, ताई. मला सांगून काय उपयोग? त्यांना सांगायला हवं."

"मग तुम्ही सांगा," लेक रडत म्हणाली. "तुम्ही सांगाल का त्यांना? मुलीच्या मनात काही नाही म्हणावं."

"सांगते की. पण आत्ता त्यांचा डोळा लागलाय. जाग्या झाल्या की सांगते."

एवढं बोलून आईनं मान टेकवली. लेक कितीतरी वेळ हाका मारत राहिली. धाकटीनं नाडी पाहिली, सलाईनचा थेंब पाहिला, आणि करण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा आणखी एक खुर्ची ओढून लेकीच्या शेजारी बसली.

आई पुन्हा बोलली नाही. गुरुवारी सकाळी गेली.

धाकटीनं विचारलं, "अंगावरून पाणी फिरवायचंय. येता?" लेक गेली. तिला फक्त आईचा डावा हात वर धरून ठेवायचा होता. तोही तिला जमेना. हात निसटत राहिला आणि धाकटीनं एकदाही घाई केली नाही.

मग लेकीनं मावशीला फोन लावला. मावशीनं अकरा वर्षांत बहिणीला पाहिलं नव्हतं. तिला काठीशिवाय चालता येत नव्हतं, पासपोर्ट तर कधीच काढला नव्हता.

"मी येऊ का गं?" मावशी म्हणाली.

"नको, मावशी."

"येते ना. एकटी काय करशील तू तिथं?"

"ये," लेक म्हणाली.

"हो. निघतेच मी," मावशी म्हणाली, आणि पलीकडून तिचं रडणं ऐकू यायला लागलं. फोन मात्र दोघींपैकी कुणीच ठेवेना.