साफ केलेला फोटो

तेरच्या बसस्थानकासमोर बब्रुवानचा फोटो स्टुडिओ आहे. गावातल्या बहुतेकांचा पहिला फोटो त्यानंच काढलेला आणि शेवटचाही त्याच्याच स्टुडिओत मोठा करून फ्रेममध्ये बसवलेला. बब्रुवान फोटो नुसता काढत नाही, साफ करतो. देवीचे व्रण, मस, पुढं आलेले दात, तिरळा डोळा हे सगळं तो माऊसनं पुसतो किंवा सरळ करतो आणि त्याचे वेगळे पैसे घेत नाही. रामकिसनचा डावा कान लहानपणीच अर्धा तुटलेला होता. तो गेला तेव्हा चौकात लागलेल्या श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर त्याला दोन्ही कान होते. लोक फ्लेक्सपुढं थांबले, हळहळले, आणि कानाबद्दल कुणीही काही बोललं नाही.

शिवप्रिया या स्टुडिओत गेली तेव्हा तिला प्रयोगशाळा सहायकाच्या भरतीचा अर्ज भरायचा होता. ती बीएस्सी झालेली, वय तेवीस. चार वर्षांपूर्वी तिच्या डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात मसुरीएवढा पांढरा ठिपका आला. पुढं तो डोळ्याभोवती फिरला आणि ओठाच्या डाव्या बाजूनं हनुवटीपर्यंत उतरला. शिवप्रिया दर महिन्याच्या एक तारखेला चेहऱ्यावर पारदर्शक प्लास्टिक धरून आरशात बघून डागांची कड काढायची आणि ती आलेख कागदावर ठेवून चौकोन मोजायची. आता ते चौदा चौरस सेंटिमीटर भरत होते. लातूरच्या डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं की हे पसरत नाही, म्हणजे एकाचं दुसऱ्याला होत नाही. हे तिला आधीच माहीत होतं. एसटीत शेजारी बसणाऱ्यांना माहीत नव्हतं, त्यामुळं गर्दीतही तिला बऱ्याचदा दोन जागा मिळत.

बब्रुवाननं फोटोच्या सोळा प्रती तिच्या हातात ठेवल्या. त्यातल्या मुलीच्या चेहऱ्यावर डाग नव्हता.

"मामा, हे काय केलंत?"

"काय केलं? साफ केला."

"मी सांगितलं नव्हतं."

"सांगायला कशाला पायजे? शिंप्याला कुणी सांगतं का, की शिवण सरळ घाल म्हणून? फोटो मंजी फोटो असतोय पोरी, डाक्टरचा रिपोट न्हाय त्यो."

अर्जाची शेवटची तारीख त्याच दिवशी होती. 'अलीकडच्या काळातील, उमेदवाराशी मिळताजुळता फोटो' ही सूचना शिवप्रियानं वाचली होती. ती सूचना वाचणाऱ्यांपैकी होती. पुन्हा फोटो काढायला वीस मिनिटं पुरली असती. पण त्या संध्याकाळी घरी बसून ती बराच वेळ त्या फोटोकडं बघत राहिली, आणि मग तोच तिनं अर्जाला जोडला. वेळ नव्हता हे त्याचं कारण नव्हतं, हे तिला माहीत होतं.

परीक्षेचं केंद्र धाराशिवच्या बाहेर एका कॉलेजात होतं. पेपर दहाला. फाटक साडेनऊला बंद, त्यानंतर कुणालाही प्रवेश नाही असं हॉल तिकिटावर ठळक अक्षरात लिहिलं होतं. शिवप्रिया पावणेनऊला रांगेत उभी राहिली. मोबाइल जमा केला. महिला शिपाई हर्षालीनं तिची झडती घेतली. पुढं टेबलावर रणधीर नावाचा तरुण टॅबलेट घेऊन बसला होता. त्यानं तिचा अंगठा यंत्रावर ठेवून घेतला. हिरवा दिवा लागला. मग त्यानं टॅबलेटवरचा फोटो बघितला, तिला बघितलं, आणि परत फोटो बघितला.

"ताई, ही कोण?"

"मीच."

"न्हाय, मी फोटोतलीचं विचारायलोय."

"मीही फोटोतलीचंच सांगते. अंगठा जुळला ना?"

"अंगठा जुळला. पण तोंड कुठं जुळायलंय?" रणधीर मवाळपणे म्हणाला. मागच्या एका भरतीत एकाच्या जागी दुसरे बसल्याची प्रकरणं झाली होती आणि यंदा सगळ्यांना सक्त ताकीद होती. "आधार द्या."

आधारवरचा फोटो ती पंधरा वर्षांची असतानाचा होता. त्यावरही डाग नव्हता. आधार हॉल तिकिटाशी जुळलं म्हणून रणधीरला जरा बरं वाटलं. त्यानं कॉलेजचं ओळखपत्र मागितलं. त्यावर डोळ्याच्या कोपऱ्यात तो मसुरीएवढा ठिपका होता.

"आता हे बघा," तो म्हणाला. "तीन कागदं, आन तुम्ही चौथ्याच."

"असं बघू नका. काळाप्रमाणं लावा," शिवप्रियानं कागद टेबलावर ओळीनं मांडले. "पंधराव्या वर्षी शून्य. एकोणिसाव्या वर्षी थोडा. आज एवढा. वाढत गेलाय. सरळ आहे. या रांगेत न बसणारी वस्तू एकच आहे, हॉल तिकिटाचा फोटो."

रणधीरनं ते नीट ऐकून घेतलं. "मंजी फोटो खोटा हाय."

मांडणी बिनचूक होती आणि ती तिच्याच विरुद्ध गेली होती.

केंद्रप्रमुख इंद्रजित सर आले. ते त्याच कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत. त्यांनी सगळे फोटो बघितले, पण तिच्या चेहऱ्याकडं बघताना त्यांची नजर कपाळाच्या वरच थांबत होती. सवयीनं सभ्य माणूस असा बघतो.

"नियम असा आहे," ते तिच्या केसांना उद्देशून म्हणाले, "फोटोत आणि उमेदवारात तफावत आढळली तर प्रवेश नाकारायचा."

"सर, या पदाची जाहिरात सहा वर्षांनी निघालीय. माझ्या वर्गातल्या सगळ्यांनी दुसरी कामं धरली. मी हिच्यासाठी थांबले."

"ते मला समजतं. पण मला पण वर उत्तर द्यायचंय." त्यांनी घड्याळ बघितलं. नऊ वाजून आठ मिनिटं झाली होती.

इतका वेळ ऐकत उभी असलेली हर्षाली पुढं झाली. तिनं पर्समधून पावडरची डबी काढली. "सर, दोन मिनटांचं काम हाय. ह्ये लावलं की फोटोसारखीच दिसंल बघा."

सरांनी विचार केला. त्यांचा चेहरा मोकळा झाला. "लावा की. फोटोशी जुळलं की रणधीर टिक करील. कुणालाच अडचण नाही."

"म्हणजे मी खरी आहे हे दाखवायला मी खोट्या फोटोसारखं दिसायचं," शिवप्रियानं खात्री करून घेतली.

"तसं नका म्हणू. तांत्रिक पूर्तता आहे."

हर्षालीनं तिला जिन्याखाली नेलं आणि डबीचा आरसा तिच्यासमोर धरला. शिवप्रियानं बोटावर थोडी पावडर घेऊन हनुवटीच्या डागावर लावली. काही फरक पडला नाही; पावडर आणि डाग जवळजवळ एकाच रंगाचे होते. मग तिनं ती गालाच्या गव्हाळ भागावर लावली. तिथं आणखी एक डाग तयार झाला.

"आगं, डागावर न्हाय, सगळ्या तोंडाला लाव," हर्षाली म्हणाली. "सगळं सारखं झालं की झालं. गोरी दिसशील."

शिवप्रिया आरशात बघत राहिली. चेहऱ्याचा थोडा भाग या रंगाचा असला तर लोक एसटीतली जागा सोडतात. सगळा तसा हवा असला तर त्या रंगाची डबी दोनशे रुपयांना मिळते.

"मॅडम, आत संगणकावर परत फोटो काढतात ना?"

"काढत्यात की. तिथंच, खुर्चीत बसल्यावर."

"आणि पास झाले तर कागदपत्रं तपासताना त्या फोटोशी जुळवतात."

"व्हय."

"मग तेव्हाही लावावं लागेल. नोकरी लागली की रोज."

"लावायचं की मग. म्या न्हाय का रोज लावत?" हर्षालीला यात काही विशेष वाटलं नाही. "डूटीवर तोंड कसं दिसतं याच्यावर सायेब लोक बोलायचं तसं बोलत्यात. सवय हुती."

शिवप्रियानं गालावरची पावडर ओढणीनं पुसली आणि डबी परत दिली. "डबी चांगली आहे तुमची. पण नको."

हर्षालीनं खांदे उडवले. नऊ वाजून सतरा मिनिटं झाली होती.

टेबलापाशी परत येऊन शिवप्रियानं पिशवीतून फोटोची एक प्रत काढून उलटी केली. मागं बब्रुवानच्या स्टुडिओचा शिक्का होता आणि त्यावर मोबाइल नंबर. "सर, यांनी फोटो बदललाय. मूळ फोटो त्यांच्याकडं असणार. तुमच्या फोनवरून विचारा."

इंद्रजित सरांनी नंबर लावला आणि फोन स्पीकरवर ठेवला.

"बोला, बब्रुवान फोटो," पलीकडून आवाज आला.

"मी परीक्षा केंद्रावरून बोलतोय. शिवप्रिया नावाच्या मुलीचा फोटो तुम्ही काढलाय?"

"व्हय जी. चांगला आलाय न्हवं?"

"फोटो आणि मुलगी जुळत नाहीत."

"जुळंल कसं? म्या साफ केलाय त्यो. दीड तास बसलो व्हतो. डोळ्याखालचं काम लई बारीक व्हतं सायेब."

रणधीरनं तोंडावर हात ठेवला. सर म्हणाले, "तुम्ही साफ केलेला फोटो म्हणजे पुरावा बदलल्यासारखं झालं. मूळ फोटो आत्ताच्या आत्ता पाठवा."

"त्यो न्हाय देता यायचा."

"का?"

"असला माल आपल्या दुकानातनं भाईर जात न्हाय. तीस वर्षं झाली. लोक काय म्हणतील, बब्रुवाननं असला फोटो काढला?" त्याचा आवाज खाली आला. "आन सायेब, पोरीची सोयरीक व्हायचीय अजून. ह्यो फोटो एका मोबाइलमधनं दुसऱ्यात गेला, की गेला. मग काय करता? उमादेवीताई, तिची आई, माझ्या दारात यील."

सरांनी फोनकडं आणि मग शिवप्रियाकडं बघितलं. ती वाकून फोनजवळ गेली.

"मामा, मी बोलतेय."

"पोरी, तू हाईस व्हय तिथं? आगं, काय गोंधळ ह्यो?"

"मूळ फोटोत फोकस बरोबर होता का?"

"मंजी? माझा फोकस चुकंल?"

"उजेड?"

"लाइटाच्या दोन छत्र्या लावल्या व्हत्या. सावलीचा टिपूस न्हाय."

"मान सरळ आहे? डोळे उघडे आहेत?"

"तुला दोनदा सांगून मान सरळ केलीय म्या."

"मग तुमचं काम त्यात पुरं झालंय. राहिलेला चेहरा माझा आहे. आईला मी सांगते. पाठवा, फाटक बंद व्हायला आठ मिनिटं राहिलीत."

फोनवर कीबोर्डचा आवाज येत राहिला. रांगेतले मागचे उमेदवार दुसऱ्या टेबलाकडं वळवले गेले होते आणि जाताना प्रत्येकजण इकडं बघून जात होता.

"एक करतो," बब्रुवान शेवटी म्हणाला. "माझं नाव काढून पाठवतो. खाली कोपऱ्यात स्टुडिओचं नाव असतंय, त्येवढं पुसतो."

"पुसा," सर म्हणाले. "पण दुसरं काही पुसू नका."

नऊ वाजून सव्वीस मिनिटांनी फोटो आला. इंद्रजित सरांनी फोन शिवप्रियाच्या चेहऱ्याशेजारी धरला, आणि आता त्यांना तिच्याकडं बघणं भाग होतं. त्यांनी आधी डोळ्याभोवतीची कड बघितली, मग ओठाजवळचं वळण, मग हनुवटी. रणधीरनं बोटांनी फोटो मोठा केला. शिवप्रियाही तो पहिल्यांदाच बघत होती. तोच निळा कुडता, तेच कानातलं. बब्रुवाननं खरं सांगितलं होतं, सावली कुठंच नव्हती.

"जुळतंय," रणधीर म्हणाला. मग त्याला शंका आली. "पण सर, ह्यो फोटो अर्जात न्हाय. शेरा लिहावा लागंल."

सरांनी पेन काढलं. 'उमेदवारास समक्ष पाहिले. अर्जातील फोटोत बदल केलेला असून, उमेदवाराच्या चेहऱ्यावर' इथपर्यंत लिहून ते थांबले. पेन कागदावर टेकलेलंच राहिलं.

"काय लिहू?" त्यांनी हळू आवाजात विचारलं. "म्हणजे, हा कागद पुढं बऱ्याच लोकांच्या हातात जाणार. 'त्वचेचा किरकोळ त्रास' लिहितो. किंवा 'ॲलर्जी'."

"ॲलर्जी जाते सर. पुढच्या तपासणीला मी अशीच येणार. मग परत तफावत निघेल."

"मग काय?"

"कोड लिहा. दोनच अक्षरं आहेत. नऊ अठ्ठावीस झालेत."

सरांनी लिहिलं, सही केली, शिक्का मारला. रणधीरनं टिक केली. शिवप्रिया आत गेली तेव्हा हर्षाली फाटकाची साखळी हातात घेऊन उभी होती. "नीट लिव्ह," ती म्हणाली. परीक्षा संगणकावर होती आणि लिहायचं काहीच नव्हतं, पण शिवप्रियानं मान डोलावली.

तिला तिसऱ्या रांगेतला शेवटचा संगणक मिळाला. पर्यवेक्षकांनी कॅमेरा तिच्याकडं वळवला. केस कानामागं घ्यायला सांगितले, हलू नका म्हणाले. पडद्यावर तिचा चेहरा उमटला आणि खाली दोन चौकोन आले: 'फोटो योग्य आहे' आणि 'पुन्हा काढा'.

पर्यवेक्षकांनी फोटो बघून खिडकीकडं बघितलं. "ताई, डावीकडून उजेड जास्त येतोय. तोंड एका बाजूनं पांढरं दिसतंय. पडदा ओढून पुन्हा काढू."

"उजेड ठीक आहे," शिवप्रिया म्हणाली. "ते तसंच आहे. योग्य दाबा."

त्यांचा हात क्षणभर माऊसवर थांबला. मग त्यांनी दाबलं, आणि तिचा आसनक्रमांक पडद्यावर आला.