माती मऊ झाल्यावर

नवरा गेल्यावर आर्डिसला सल्ला द्यायला सगळा गाव धावून आला, पेरणीला हात लावायला मात्र कुणी फिरकलं नाही. सेल्मर ऑक्टोबरात गेला. एप्रिल उजाडला, डाकोटाच्या त्या उघड्या माळावरचं बर्फ वितळलं, आणि पणजीच्या वेळेपासून कधी पड न राहिलेली ती काळीभोर जमीन बियाण्याची वाट बघत तशीच पडून राहिली. एकटीनं पेरायची, नाहीतर विकायची, तिसरी वाट नव्हती. विकायचं तर तिच्या मनाला पटत नव्हतं.

त्यातच त्या वर्षी, १९८५ साली, जिल्ह्याच्या शताब्दीचं पुस्तक निघालं. प्रत्येक घरानं आपल्या मूळ माणसावर एक पान लिहून द्यायचं होतं, आणि आर्डिसच्या घरचं पान पणजीचं, इंगेबोर्गचं, हे काय विचारायला हवं? नॉर्वेहून आली, वर्षाच्या आत नवरा गमावला, गवताळ ढेकळांचं घर रचून दोन लेकी वाढवल्या, पाच वर्षं जागची हलली नाही, तेव्हा कुठं सरकारनं जमीन नावावर करून दिली. हे सगळं आर्डिसला पाठ होतं. फक्त तारखा हव्या होत्या, म्हणून ती चर्चमधली जुनी वही चाळत बसली.

वहीत लिहिलं होतं : इंगेबोर्ग, मृत्यू जानेवारी १८८४. दफन माती मऊ झाल्यावर. पुढचा, दफनाच्या तारखेचा रकाना कोरा होता.

आणि जमिनीच्या कागदावर इंगेबोर्गची सही होती ती १८८७ सालची.

"तो पाद्री झोपेत लिहीत होता का गं, मावशी?" आर्डिसनं हसत विचारलं.

तोरामावशी पंचाहत्तरीची. ती आपल्या स्वयंपाकघरात तव्यावर बटाट्याची पोळी उलटत होती. तिनं मान वर केली नाही.

"झोपेत कशाला लिहील? हिवाळ्यात गेलेल्याला पुरणार कुठं? जमीन दगडासारखी. तेव्हा सगळेच आपलं माणूस कोठारात ठेवायचे. माझ्या आजीलाही, म्हणजे तुझ्या पणजीला, ठेवलं, पोत्यांच्या पलीकडे."

"मग?"

"मग माती मऊ झाली. पण पाचातली दोनच वर्षं भरली होती. आई गेली हे सरकारला कळलं तर जमीन जाईल, असं माझ्या आईला वाटलं. थोरली लेक, पण चौदा वर्षांची पोर ती! कायद्यानं लेकींनाही मिळाली असती म्हणे, पण इंग्रजी वाचणार कोण? तिनं कोठार उघडलं आणि आजीला कामाला हाक मारली."

"काहीतरीच काय!"

"आली उठून. मी पाहिलीय ना लहानपणी. पहिलं बर्फ पडलं की कोठारात जायची, वितळलं की आई हाक मारायची. जेवण नाही, बोलणं नाही, नुसतं राबणं. जमीन नावावर झाली तरी तिला कुणी 'आता जा' म्हटलं नाही. फुकटात राबणारं माणूस कुणाला नको असतं गं?" मावशीनं तवा खाली उतरवला. "पुढं ट्रॅक्टर आला, तसं कोठाराचं दार लावून टाकलं. चर्चमागं तिच्या नावाचा दगड उभा केला, त्याच्याखाली कुणी नाही. परवा मी तिथं खड्डा खणून घेतलाय. माझे गुडघे चालत नाहीत. तू जा, बयो. जागा तयार आहे, एवढंच सांग. सुटेल बिचारी."

म्हातारपणी डोकं फिरायचंच, असं मनाशी म्हणत आर्डिस मावशीच्या समाधानासाठी निघाली. भर दुपार होती. शेताच्या कडेला कोठार उभं होतं. कडी गंजलेली, तरी एका झटक्यात निघाली.

आतून ओल्या लोकरीचा वास आला. पोत्यांच्या पलीकडे कुणीतरी बसलं होतं, दारापर्यंत आलेल्या उन्हाकडे तोंड करून. दोन हात गुडघ्यांवर. हात भेगाळलेले, नखांत माती. ते हात बघून आर्डिसच्या डोळ्यांना धारा लागल्या. काय सांगायचं ते तिला माहीत होतं, शब्द अगदी ओठांवर आले होते.

पाठीमागे शेजाऱ्याच्या शेतात पेरणी सुरू झाली होती. यंत्राची घरघर इथवर ऐकू येत होती. तिनं मागं वळून आपल्या जमिनीकडे पाहिलं.

"शंभरावर एकर गहू टाकायचाय," ती म्हणाली. "आणि मी एकटीच आहे."

 मग अंधारात कुणीतरी एक लांब उसासा टाकला आणि बाह्या वर सरकवल्या.