खुआंग काकांनी झारा घेतला

आमच्या डोंगराकडच्या गावांत लग्न ठरलं की नवऱ्या मुलाचा बाप आधी दोघांना सांगून ठेवतो, मला आणि खुआंग काकांना. गावजेवणाचा स्वयंपाक माझा, आणि नवरा-नवरीला उभं करून विधी सांगणं काकांचं. माझ्या हातच्या वाफवलेल्या डुकराच्या मांसाचं लोक वर्षभर नाव काढतात. फुशारकी नाही, आहे ते सांगते. काकांचा आवाजही खणखणीत. फक्त दुसऱ्याच्या चुलीत नाक खुपसल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.

थाओंच्या थोरल्याच्या लग्नात त्यांनी कहरच केला. लसणाची पात कमी पडली म्हणून मी मागच्या मळ्यात गेले होते. परत येऊन बघते तर माझा एप्रन बांधून, बाह्या सरसावून काका कढईपुढे उभे. हाताखालच्या बायका बाजूला सरकलेल्या. वडीलधाऱ्या माणसाला कोण अडवणार? मांसाला रंग दिसेना म्हणून त्यांनी वरून सोया सॉस ओतला होता, आणि आता कडकडीत तेलात मासे सोडत होते.

"काका, झारा द्या इकडे."

"टेक जरा, गुईरोंग. तुझ्या जन्माआधीपासून लग्नं बघतोय मी."

"बघताय हो. रांधत नाही."

ते हलले नाहीत. मी झारा ओढायला गेले असते तर तेल दोघांच्याही अंगावर आलं असतं.

तेवढ्यात फाटकाशी फटाक्यांची माळ वाजली. नवरी दारात येऊन उभी राहिली आणि घरातून काकांच्या नावानं हाका सुरू झाल्या. इकडे मासे कढईला चिकटलेले. काका एक सोडवत होते तर दुसरा मोडत होता. टाकून जायची त्यांना लाज वाटत होती, आणि थांबावं तर मुहूर्त टळत होता.

शेजारी गावच्या शाळेतले शाओ गुरुजी उभे होते. ते म्हणाले, "म्हणूनच जुनी माणसं सांगून गेली. आचारी कामाला आला नाही, तरी पुजाऱ्यानं नैवेद्याची भांडी ओलांडून चुलीपाशी जाऊ नये."

मी विचारलं, "आणि आचारणीनं पुजाऱ्याच्या जागी जाऊ नये, असं सांगितलंय का कुठं?"

गुरुजींनी डोकं खाजवलं. "नाही बुवा. ते नाही सांगितलेलं."

मी हात धुतले, केस सारखे केले आणि सरळ घरात गेले.

पूर्वजांच्या नावाच्या पाट्या मांडलेल्या टेबलापुढं जाऊन उभी राहिले. इतकी वर्षं वाफेआडून ऐकलेले शब्द होते ते, एकामागून एक येत गेले. आधी आकाश आणि धरतीला वाका, मग आईबापांना, मग एकमेकांना. नवरा अर्धाच वाकला तेव्हा म्हटलं, "नीट वाक, पाठीत फळी घातलीय का? पुढं रोज वाकायचंय." घर हसलं, नवरीसुद्धा. तिच्या आईनं मात्र डोळे पुसले.

मासे वरून करपले होते, आतून कच्चे. मांस खारट. मी उकडलेले बटाटे त्याच्याखाली घालून निम्मं सावरलं. बाकीचं लोकांनी चहाच्या घोटाबरोबर गिळलं. काकांनी मात्र आपल्या वाट्याचा मासा काट्यांसकट संपवला.

मग म्हणाले, "तुझा आवाज जरा वरच्या पट्टीत लागला होता."

"तुमचे मासे जरा खालच्या पट्टीत गेले."



जेवणं चालू असतानाच नवरीची आत्या माझ्याजवळ आली. तिच्या मुलीचं लग्न शरदात होतं. विधी तुम्हीच सांगा म्हणून मागे लागली. मी म्हटलं, विधीला काकांनाच बोलवा, त्यांच्यासारखं दुसऱ्या कुणाला जमत नाही. माझ्याकडून जेवण घ्या. काका पलीकडच्याच बाकावर होते. त्यांनी ऐकलं. उठून आले, पेल्यात दारू ओतली आणि मी वयानं लहान असूनही पेला दोन्ही हातांनी, थोरामोठ्यांना देतात तसा, माझ्यापुढं धरला.

मी तो एका घोटात संपवला आणि एप्रन परत मागून घेतला. सूप अजून वाढायचं होतं.