भरलेलं शिंग खाली ठेवता येत नाही

"बसवा पोरीला गादीवर. बसायला ती, चालवायला आपण!"

बेशकेन सरदाराचा हा आवाज राज्याभिषेकाच्या दिवशी मी दाराआडून ऐकला. अजून ऐकू येतो, खाकरण्यासकट.

तेक्लेराणी आणि मी एकाच दुधावर वाढलो. मेजवानीत सरदारांची प्यायची शिंगं मद्याने भरायचं काम माझं. आणि काय ते सरदार! मिशा गरुडाच्या, अक्कल कोंबडीची. तीन हिवाळे एकच घोषा: बेशकेनच्या पुतण्याशी, ग्रिगोलशी लग्न कर, राज्य त्याच्या हाती दे. नाही म्हटलं की अराग्वी नदीकाठच्या सगळ्या गढ्यांतून फौजा उतरणार. म्हणून ती नुसतं म्हणायची, "बघू."

द्राक्षांची तोडणी उरकली, नव्या मद्याची मेजवानी बसली. बेशकेन शिंग उंचावून उठला, पाठोपाठ सगळे उठले.

"आपल्या होणाऱ्या राजासाठी! पुढचं बाईसाहेब बोलतील. लाजू नका हो!"

हशा पिकला.

मूर्ख! ज्याच्याकडे बोलणं सोपवलं, त्याचं संपेपर्यंत आमच्यात कुणी ओठ लावत नाही. भरलेलं शिंग खाली ठेवावं, तर त्याला बूडच नसतं. आणि ज्या बोलण्यावर प्यालात, ती तुमची शपथ. मोडलीत, तर बाया गाणं रचतात. ते नातवंडांनाही ऐकावं लागतं.

तेक्ले उठली. वेलींपासून सुरुवात केली. मग नद्या. मग एकेकाचा आजा, पणजा, त्यांचे घोडे, घोड्यांचे रंग. आवाज झऱ्यासारखा गोड, आणि झऱ्यासारखाच न थांबणारा. मनगटं थरथरू लागली, मद्य बाह्यांत उतरलं. मी मुकाट्याने पुन्हा काठोकाठ भरत गेले.

"बेशकेनकाका, हात कापतोय का? बसता?"

"छे, छे! पण आटपा, बाई."

"आटपतेच. आता तुमच्या सासुरवाडीचं..."

"अरे देवा!" ग्रिगोल कळवळला.

मग त्याच सुरात, घोड्यांच्याच ओघात ती म्हणाली, "आणि या गादीवर माझ्यावाचून कुणी बसणार नाही, बसवू पाहील त्याच्यावर आपण सारे तलवार उपसू. यासाठी!"

"यासाठी!" सगळे ओरडले आणि घटाघटा प्याले. सर्वांत आधी ग्रिगोल.

कळायला अंमळ वेळ लागला. बेशकेनची मिशी ओली होती, तोंड पांढरंफटक.

तेक्लेने बसून एक अक्रोड फोडला.

"ग्रिगोल, तीन हिवाळे ताटकळलास, बाळा. आता ऐक. मला तू नकोस. पहिल्या दिवशीही नको होतास."